एबी फॉर्मच्या आधीचे मत

निवडणूक महापालिकेची असो वा विधानसभेची, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाची आदली रात्र पनवेलमध्ये जागी असते. पक्ष कार्यालयाच्या आतल्या खोलीत एबी फॉर्म असतात आणि बाहेर इच्छुक व त्यांची माणसे ताटकळत उभी असतात. पक्षाच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे ‘ए’ फॉर्म सांगतो, आणि ती कोणाला दिली हे ‘बी’ फॉर्म सांगतो. हे कागद वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचले की चिन्ह मिळते. नाही पोहोचले, तर वर्षानुवर्षे पक्षाचा झेंडा खांद्यावर वाहिलेला माणूसही अपक्ष ठरतो. मतदार यादीतली दुबार नावे शोधणारे, सोसायट्यांचे जिने चढून चिठ्ठ्या वाटणारे, मतदानाच्या दिवशी पहाटेपासून बूथवर बसणारे लोक त्या रात्री बाहेरच असतात. आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा, या एका प्रश्नावर त्यांना मत नसते.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी नेमके हेच मत मोजले जाते. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात. त्यांना तिथे प्रायमरी म्हणतात. त्यात गावपातळीवरच्या पाठिंब्याने मोठमोठ्या नेत्यांचे अंदाज चुकवले आहेत. आपल्याकडे अशी पद्धत आणावी का, हा वाद अधूनमधून उठतो आणि विरतो. पनवेल, उरण आणि एकूण रायगडच्या गेल्या काही दशकांच्या राजकारणावर हा प्रश्न घासून पाहिला, तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्थानिक पाठिंबा आपल्याकडे तिळमात्र कमी नाही. तो उमेदवारी ठरण्याआधी मोजायची सोय मात्र नाही. म्हणून तो तीनच वाटांनी बाहेर पडतो: बंडखोरी, पक्षांतर किंवा घरी बसणे. या तिन्ही वाटांनी पक्षाचेही नुकसान होते आणि मतदाराचेही.

अमेरिकेतली पद्धतही पहिल्यापासून लोकांच्या हातात नव्हती. तिथेही बराच काळ पक्षाचे मातब्बर बंद खोलीत उमेदवार ठरवत. प्राथमिक निवडणुका व्हायच्या, पण त्यांचा निकाल पाळलाच पाहिजे असे बंधन नसे. १९५२ मध्ये न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत एस्टेस केफॉव्हर यांनी खुद्द अध्यक्ष ट्रुमन यांना हरवले. पुढे ट्रुमन यांनी उमेदवारीचा नाद सोडला, पण पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी केफॉव्हर यांनाही न देता अॅडलाय स्टीव्हन्सन यांना दिली. खरा भूकंप १९६८ मध्ये झाला. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले यूजीन मॅकार्थी यांच्यासाठी कॉलेजची मुले न्यू हॅम्पशायरच्या बर्फात घरोघर फिरली. लोकांना बरे वाटावे म्हणून त्यांनी लांब केस कापले, दाढ्या उतरवल्या. मॅकार्थींना ४२ टक्के मते मिळाली, अध्यक्ष जॉन्सन यांना ४९. आकड्यात जॉन्सन पुढे होते, तरी त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. एवढे होऊनही शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती ह्युबर्ट हम्फ्री यांना. ते एकाही प्राथमिक निवडणुकीत उतरले नव्हते. अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपले, आत प्रतिनिधी एकमेकांवर ओरडत होते आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष हरला. मग नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर समितीने नियम बदलले, आणि १९७२ पासून साध्या सदस्यांचे, मतदारांचे मत निर्णायक ठरू लागले.

हा इतिहास आपल्याला उपयोगी आहे तो एका कारणासाठी. तिथल्या नेत्यांनी हा अधिकार उदार होऊन दिला नाही. कार्यकर्त्याला डावलून निवडणूक जिंकता येत नाही, हे पराभवाने शिकवल्यावर दिला.

नियम बदलल्यावर स्थानिक संघटनेला किती किंमत आली, हे आयोवाने दाखवले. तिथली कॉकस पद्धत आपल्या गावकीच्या बैठकीसारखी आहे. एका वस्तीतले पक्षाचे लोक थंडीच्या रात्री शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात जमतात आणि आपला माणूस निवडतात. डेमोक्रॅटिक पक्षात तर बरीच वर्षे लोक उमेदवारानुसार खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहत आणि डोकी मोजली जात. २००४ मध्ये हॉवर्ड डीन यांच्याकडे पैसा होता, उत्साह होता, इंटरनेटवरून जमलेले समर्थक होते. त्यांच्या प्रचारासाठी देशभरातून नारिंगी टोप्या घातलेले हजारो तरुण आयोवात उतरले आणि दारे ठोठावू लागले. डीन तिसरे आले. दारात उभा असलेला माणूस परगावचा आहे हे शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येत होते. चार वर्षांनी बराक ओबामांच्या संघटकांनी उलटा रस्ता धरला. ते महिनोन्‌महिने आधी येऊन छोट्या गावांत राहिले आणि त्यांनी तिथल्याच शिक्षिका, विद्यार्थी, निवृत्त कामगार यांच्याकडे वस्त्यांची जबाबदारी दिली. ३ जानेवारी २००८ च्या रात्री डेमोक्रॅटिक कॉकसला आलेल्या लोकांची संख्या मागच्या वेळेच्या जवळपास दुप्पट होती. गोऱ्या लोकांच्या त्या राज्यात ओबामा पहिले आले आणि मगच उरलेल्या देशाने त्यांना गंभीरपणे घेतले. बाहेरून आणलेली गर्दी आणि तिथेच रुजलेला माणूस यांतला हा फरक खारघर-कामोठ्याच्या प्रत्येक प्रभागप्रमुखाला पाठ आहे.

आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीशी याची तुलना होऊ शकत नाही. तिथे पनवेलकरांचे मत आमदार-खासदारांमार्फतच पोहोचते. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, ते १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरलेले. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने भाजपबरोबरच्या आघाडीची चौकट मोडून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली, तेवढाच स्थानिक भावनेचा ठळक दाखला. खरी तुलना आहे ती विधानसभा, लोकसभा आणि महापालिकेच्या उमेदवारीशी.

पनवेलमध्ये या प्रश्नाची मुळे शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आहेत. १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने हा पक्ष उभा राहिला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात त्याला जी जमीन मिळाली, ती त्याच्या आधीच नांगरलेली होती. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप सुरू केला आणि तो सहा वर्षे चालवला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या शेतकऱ्यांसमोर आले होते. सहा हंगाम शेती पाडून ठेवणाऱ्या गावांना संघटना म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नव्हते. शेकापचा लाल बावटा या गावांत शिरला तो भावकी, गावकी आणि शेतीच्या प्रश्नाचा हात धरून.

जासईचे दि. बा. पाटील याच मातीतले. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते पनवेलमधून विधानसभेत गेले, आणि पुढे वारंवार निवडून आले. १९७७ आणि १९८४ मध्ये ते लोकसभेत होते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव हा इथल्या राजकारणाचा मुख्य प्रश्न झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले. ‘दिबां’ची उमेदवारी हा पक्षश्रेष्ठींचा प्रसाद नव्हता. गावांनी त्यांना आधी आपले मानले होते आणि पक्षाच्या शिक्क्याने ते कागदावर आले. मोजणी न होताही ती एका अर्थाने प्राथमिक निवडणूकच होती. लढा हीच तिची मतपेटी होती.

पण अशी न मोजलेली संमती एक पिढी टिकते. दुसऱ्या पिढीत तिची जागा घराणे, सहकारी बँक, शिक्षणसंस्था आणि ठेकेदारी घेतात, हे मी कटुतेने नव्हे तर काळजीने लिहितो आहे. रायगडात अलिबागपासून पनवेलपर्यंत शेकापमध्येही हे झाले. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार म्हणून कुलाब्यातून निवडून आले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले. २००९ मध्ये त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर यांनी काँग्रेसच्या चिन्हावर शेकापचा पनवेलचा गड घेतला. २०१४ मध्ये खारघरच्या टोलचा मुद्दा पेटला, ठाकूर पिता-पुत्र काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले आणि प्रशांत ठाकूर कमळावर पुन्हा जिंकले. २०१९ आणि २०२४ मध्येही तेच निवडून आले. तीन पक्ष, पण बराचसा कार्यकर्ता तोच. टोलविरोधाला लोकांचा मनापासून पाठिंबा होता, नेत्याचा जनसंपर्कही खरा होता. प्रश्न वेगळा आहे. ज्या कार्यकर्त्याला पक्षात कधी मतच नव्हते, तो पक्ष सोडताना कसला विचार करणार? त्याची निष्ठा माणसाशी असते, कारण पक्षाने त्याला धरून ठेवणारे काही दिलेलेच नसते. शेकापचेही तेच. २०२१ मध्ये शेकाप नेत्यांशी जोडलेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला तेव्हा हजारो ठेवीदारांबरोबर पक्षाच्या जनाधारालाही घाव बसला. संघटना सदस्यांच्या मतावर उभी असती, तर एका संस्थेच्या पडझडीने तिला इतके हादरे बसले नसते.

लोकसभेत तर पनवेलची अवस्था याहून बिकट आहे. २००८ च्या पुनर्रचनेत कुलाबा मतदारसंघ गेला आणि पनवेल, उरण, कर्जत हे घाटाखालचे तीन विधानसभा मतदारसंघ घाटावरच्या मावळ, चिंचवड, पिंपरी या तिघांशी जोडले गेले. तेव्हापासूनच्या प्रमुख उमेदवारांकडे पाहावे. २००९ मध्ये गजानन बाबर आणि आझम पानसरे. २०१४ मध्ये श्रीरंग बारणे, त्यांच्यासमोर शेकाप आणि मनसेच्या पाठिंब्यावर लढलेले लक्ष्मण जगताप, आणि राष्ट्रवादीतर्फे मुंबईचे राहुल नार्वेकर. २०१९ मध्ये बारणे विरुद्ध पार्थ पवार. २०२४ मध्ये बारणे विरुद्ध संजोग वाघेरे. यांतले बहुतेक पिंपरी-चिंचवडचे, एक मुंबईचे, एक बारामतीच्या घराण्यातले. घाटाखालचा कोणीच नाही. आणि तरीही प्रत्येक वेळी पनवेल-उरणच्या कार्यकर्त्याने या उमेदवारांसाठी उन्हातान्हात पदयात्रा काढल्या आहेत. २०१९ ला शेकापचा संपूर्ण जोर राष्ट्रवादीच्या मागे होता, तरी पार्थ पवार दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. त्या निकालाची कारणे अनेक आहेत. पण उमेदवार ठरण्यापूर्वी घाटाखालच्या सहा-सात हजार कार्यकर्त्यांना मत द्यायला मिळाले असते, तर निदान त्या उमेदवाराला अर्ज भरण्यापूर्वी पनवेलच्या गाढी नदीचे, उरणच्या मच्छीमारांचे आणि ‘नैना’ या विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्रातल्या शेतकऱ्यांचे प्रश्न समजून घ्यावे लागले असते. प्राथमिक निवडणुकीचा मला वाटणारा सर्वात मोठा फायदा हाच आहे. ती जिंकण्यासाठी उमेदवाराला मतदारसंघाच्या दुर्लक्षित टोकाला आधी जावे लागते. १९६० मध्ये कॅथलिक केनेडींना प्रोटेस्टंट वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणवस्त्यांत जावे लागले ते याच कारणाने, आणि तिथली गरिबी पाहून ते बदलले असे त्यांच्यासोबत असलेल्यांनी सांगितले आहे.

उरणची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी लागते. २०१४ मध्ये तिथे शिवसेनेचे मनोहर भोईर यांनी शेकापचे विवेक पाटील यांना हजाराहूनही कमी मतांनी हरवले. भाजपचे महेश बालदीही रिंगणात होते. २०१९ मध्ये युती झाली, जागा विद्यमान आमदार म्हणून भोईरांना गेली. बालदींच्या मागे असलेल्या भाजप कार्यकर्त्यांना विचारणारे कोणी नव्हते. बालदी अपक्ष उभे राहिले आणि पाच हजारांहून अधिक मतांनी जिंकले. पाच वर्षांनी ते भाजपचे अधिकृत उमेदवार होते. कार्यकर्त्यांचा जो कौल युतीच्या वाटाघाटीत ऐकला गेला नाही, तो मतपेटीतून ऐकवावा लागला. मराठी राजकारणात आपण याला बंडखोरी म्हणतो आणि शिस्तभंगाच्या नोटिसा काढतो. मला ती दाबून ठेवलेली प्राथमिक निवडणूक वाटते. ती मुख्य निवडणुकीच्या दिवशीच होते आणि मतदाराला पक्षाचे भांडण आपल्या मताने मिटवावे लागते.

२०२४ मध्ये उरणमध्येच दुसरी बाजू दिसली. महाविकास आघाडीत असूनही शेकापने प्रीतम म्हात्रे यांना आणि ठाकरेंच्या शिवसेनेने भोईरांना उभे केले. मैत्रीपूर्ण लढत असे तिला नाव मिळाले. बालदी काही हजारांच्या फरकाने जिंकले, आणि विरोधातल्या या दोघांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून बरीच जास्त होती. पनवेलमध्येही शेकापचे बाळाराम पाटील आणि ठाकरे गटाच्या लीना गरड असे दोघे उभे होते. आघाडीतल्या दोन पक्षांत जागा कोणाची, हा प्रश्न मुंबईत सुटला नाही की तो सोडवायला आपल्याकडे दुसरी जागाच उरत नाही. इटलीत २००५ मध्ये हाच पेच होता. डाव्या आणि मध्यममार्गी पक्षांच्या आघाडीने आपला नेता ठरवण्यासाठी सर्व समर्थकांचे एकत्र मतदान घेतले. ४० लाखांहून अधिक लोकांनी मत दिले, रोमानो प्रोदी निवडले गेले आणि पुढच्या वर्षी आघाडी निवडणूक जिंकली. उरणच्या गावांत आणि करंजा-मोऱ्याच्या कोळीवाड्यांत असे एक मतदान घेणे अशक्य होते असे मला वाटत नाही.

महापालिकेत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १८५२ ची जुनी नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली. २९ गावे आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती त्यात आल्या. मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपला आणि २३ शेकापला मिळाल्या. काँग्रेस आणि राष्ट्रवादीला दोन-दोन, शिवसेनेला एकही नाही. ही निवडणूक बहुसदस्यीय प्रभागांत झाली. २० प्रभाग, बहुतेकांत चार जागा. आरक्षणाची सोडत ठरवते की कोणत्या जागेवर कोण उभे राहू शकेल. महिलांना निम्म्या जागा मिळाल्या ही फार मोलाची गोष्ट आहे. पण पक्षाच्या आत मत नसल्यामुळे बचत गटातून वर आलेली, पाण्याच्या टँकरसाठी सिडकोच्या दारात बसलेली बाई मागे राहते आणि मावळत्या नगरसेवकाची पत्नी किंवा सून पुढे येते. चौघांचे पॅनल एका चिन्हावर उभे राहिले की मतदार पॅनलला मत देतो, आणि वस्तीतल्या एखाद्या माणसाचे स्वतःचे काम त्यात बुडून जाते. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिला. एवढ्या काळात निवडून आलेला कोणी नसतानाही लोक कोणाकडे गेले? वॉर्डातल्या कार्यकर्त्याकडे. मालमत्ता कराचा वाद असो, गटार तुंबो, दाखला अडो, फोन त्यालाच येत होता. त्या वर्षांत ज्याने फोन उचलला, त्याचा हिशेब कोणत्याही पक्षाच्या वहीत नाही.

देशात काही प्रयोग झाले, त्यांतला महत्त्वाचा महाराष्ट्रातच झाला. २०१४ च्या लोकसभेसाठी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले. त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना मागे टाकले. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. दोघेही लोकसभेत पराभूत झाले, आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. या अपयशाकडे बोट दाखवून पद्धतच निकामी ठरवली गेली. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. एकतर २०१४ च्या मोदी लाटेत कोणत्याही पद्धतीने निवडलेला उमेदवार टिकणे कठीण होते. दुसरे असे की, मत देण्याचा अधिकार पदाधिकारी आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींपुरता होता. ज्या पदाधिकाऱ्यांची नेमणूकच नेत्याने केली, ते नेत्याच्या घरातल्या माणसाला मत देणार. वर्ध्यात दोन राजकीय घराण्यांच्या वारसांत झालेली ही लढत कार्यकर्त्याचा कौल म्हणून मांडणे हा त्या कार्यकर्त्यावर अन्याय आहे.

बाकीचे प्रयत्न थोडक्यात. आम आदमी पक्षाने २०१३ मध्ये दिल्लीत इच्छुकांकडून मतदारसंघातल्या शंभर मतदारांच्या सह्या मागितल्या, आणि २०२२ मध्ये पंजाबात भगवंत मान यांचे नाव फोनवरच्या कौलातून पुढे आणले. २०२४ च्या विधानसभेआधी भाजपने राज्यात पदाधिकाऱ्यांकडून बंद लिफाफ्यात पसंतीची नावे मागवली. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झाले, मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. लिफाफे उघडल्यावर आकडे जाहीर होत नाहीत, सह्यांनंतर अंतिम निर्णय समितीच घेते, आणि अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी स्वतः निवडून आलेले आहेत की नाहीत हे सदस्याला तपासता येत नाही. या सगळ्यांत मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते किंवा उघड नसते. शिवाय आता बहुतेक पक्षांनी सर्वेक्षण कंपन्या नेमल्या आहेत. कंपनीचा मुलगा खारघरच्या एखाद्या रहिवाशाला फोनवर चार नावे वाचून दाखवतो. जो आधीच प्रसिद्ध आहे किंवा ज्याचे फलक चौकाचौकात आहेत, त्याचेच नाव त्या रहिवाशाला आठवते. कातकरी वाडीवर रेशनकार्डांसाठी वर्षे घालवलेली बाई त्या यादीत असतच नाही.

कायदाही इथे गप्प आहे. १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाने पक्षांना चिन्हे वाटण्याचे नियम घालून दिले. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचे कलम आले. पक्षाने आपला उमेदवार कसा ठरवावा याबद्दल मात्र काही नाही. विधी आयोगाने १९९९ आणि २०१५ च्या अहवालांत पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली, ती तशीच पडून आहे. जर्मनीत पक्षाच्या उमेदवाराची निवड सदस्यांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानाने व्हावी असे कायदाच सांगतो. तिथे पक्ष त्यामुळे दुबळे झालेले नाहीत.

या पद्धतीचे धोके मी लपवू इच्छित नाही, आणि सर्वात मोठा धोका पैशाचा आहे. त्याचे मराठी उदाहरणही आहे. बेळगाव जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेले उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक लढवली. स्वतःचे लाखो डॉलर ओतून ते तिसरे आले. पुढे राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात अनेक उमेदवारांच्या गर्दीत तीस टक्क्यांहून कमी मतांवर प्राथमिक निवडणूक जिंकून थेट संसदेत गेले. बेळगावात गरिबीत वाढलेला मुलगा कोणाच्या आशीर्वादाशिवाय अमेरिकी संसदेत पोहोचतो, ही या पद्धतीची मोठी ताकद आहे. मतविभागणीत थोड्या मतांवर उमेदवारी मिळू शकते आणि स्वतःच्या खिशातला पैसा फार पुढे नेऊ शकतो, ही तिची कमजोरीही त्याच गोष्टीत दिसते. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथे जमिनीचे भाव आणि बांधकामाचा पैसा राजकारणात आधीच आहे, तिथे सदस्यनोंदणीच विकत घेतली जाण्याची भीती खरी आहे. शेवटच्या महिन्यात हजारो सदस्य भरायचे, त्यांचे शुल्क एकाच माणसाने भरायचे, हा प्रकार सहकारी संस्थांच्या निवडणुकांत आपण पाहिला आहे.

पण पैशाच्या भीतीने मतच देऊ नये, हे उत्तर नाही. आजच्या बंद खोलीतही पैसा आहेच, फक्त तो कोणाला दिसत नाही. आणि पनवेलच्या माणसाची संघटनशक्ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी करोनाच्या सावटातही गावोगावच्या लोकांनी मानवी साखळी केली, आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोवर मोर्चा धडकला. कोण कुठे उभे राहील, पाणी कोण देईल, कोणत्या गावाची गाडी कुठे थांबेल, हे सारे गावांनी ठरवले. सर्व पक्षांची माणसे एका रांगेत होती. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने नावाचा ठराव मंजूर केला. एवढी शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्यांना एका रविवारी शाळेत जाऊन आपल्या पक्षाचा उमेदवार निवडणे जमणार नाही, असे कोण म्हणेल?

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. लोकसभा-विधानसभेपासून नव्हे, महापालिकेच्या प्रभागापासून. प्रभागात मतदार उमेदवाराला ओळखतो, त्यामुळे पैशाचा जोर थोडा कमी होतो. सदस्यांची यादी निवडणुकीच्या किमान एक वर्ष आधी बंद व्हावी आणि प्रभागाच्या कार्यालयात भिंतीवर लावावी. शुल्क ज्याचे त्याने भरावे. मतदान गुप्त व्हावे, पण मोजणी इच्छुकांसमोर आणि आकडे जाहीर करून व्हावी. कोणालाही निम्मी मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यावे, म्हणजे डेट्रॉइटसारखी स्थिती येणार नाही. महिलांच्या जागेवर उभे राहू इच्छिणाऱ्या बाईने स्वतः सभेत उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावीत, तिच्या वतीने दुसऱ्या कोणी नाही. आणि ज्याला सर्वाधिक मते मिळतील त्याच्याच नावाचा ‘बी’ फॉर्म भरला जाईल, असे पक्षाने आधी लेखी जाहीर करावे.

हे पहिल्यांदा करण्याची संधी शेकापला आहे असे मला वाटते. सत्तेत असलेला पक्ष हा धोका पत्करणार नाही, कारण त्याच्याकडे उमेदवारीसाठी रांग असते आणि रांग ताब्यात ठेवणे हीच त्याची सत्ता असते. शेकापकडे गमावण्यासारखे आता फार थोडे आहे, आणि जमा करण्यासारखे बरेच आहे: चरीच्या संपाची आठवण असलेली घरे, जासईच्या हुतात्म्यांची गावे, आणि नैनाच्या प्रश्नावर जमिनीचे कागद हातात घेऊन वणवण फिरणारे शेतकरी. त्यांपैकी अनेकजण आज कोणत्याच पक्षाचे सदस्य नाहीत. उमेदवार आपण ठरवणार आहोत असे कळले तर ते सदस्य होतील, आणि ज्याला त्यांनी निवडले त्याच्यासाठी बूथवर बसतील.